दांड्यावरच्या दातांच्या खुणा

मित्रांनो, मी एक जुनी बर्फकुऱ्हाड आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही. हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना गोड गोष्ट ऐकायची असेल त्यांनी डोंगरावरच्या निवाऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या किटलीकडे जावं. माझा जन्म घणाखाली झाला, आयुष्य फोडण्यात गेलं, आणि ज्या दोन माणसांना मी जीव लावला त्या दोघांचंही रक्त मी काढलं आहे.

माझं डोकं लोखंडाचं. एका बाजूला चोच, दुसऱ्या बाजूला रुंद पातं. दांडा रानचेरीच्या लाकडाचा. त्या दांड्याच्या टोकावर बारीक बारीक खड्डे आहेत. नवखे लोक म्हणतात, उंदरांनी कुरतडलेलं दिसतंय. ते खड्डे माणसांच्या दातांचे आहेत, आणि मी जे सांगणार आहे ते त्यांच्याबद्दलच आहे.

रियोबांबाहून ग्वारांदाला जाणाऱ्या रस्त्यावर एकदा एक बस दरीत कोसळली. गावकऱ्यांनी आधी माणसं वर आणली. मग बसही थोडी थोडी करून वर आली. कोणी दार नेलं, कोणी सीट नेली. आसेन्स्यो सिस्लेमा नावाच्या बर्फवाल्याने मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा तुटलेला पाटा खांद्यावर टाकून नेला. तो पाटा म्हणजे मी.

"जड कुऱ्हाड करून दे," तो पिलामुंगा लोहाराला म्हणाला. "बर्फ फोडायचा आहे."

"हे लोखंड माणसं मारून आलंय, आसेन्स्यो."

"बरंय की. म्हणजे डोंगराला घाबरायचं नाही."

लोहाराने मला लाल केलं, झोडपलं, पुन्हा लाल केलं. शेवटचा एक घाव त्याने नको तितका जोरात घातला, आणि चोचीच्या मुळाशी माझ्या कडेला एक खाच पडली. आसेन्स्योने अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाला, राहू दे, तोंडावर एखादा व्रण असलेला बरा. मग मला ओढ्याच्या थंडगार पाण्यात बुडवलं. तेव्हा मी जी किंचाळले तेवढी पुन्हा कधीच नाही.

आमच्याकडे बापाला ताइता म्हणतात आणि चिंबोरासो डोंगरालाही ताइताच म्हणतात. हा डोंगर मुळात ज्वालामुखी आहे, पण त्याच्या पोटातली आग कधीच झोपली आणि अंगावर हिमनद्या पसरल्या. आसेन्स्यो आणि त्याचा धाकटा भाऊ लासारो दर शुक्रवारी तीन गाढवं घेऊन त्या बर्फाच्या काठापर्यंत चढत. तिथल्या भिंतीतून लाद्या फोडायच्या, गवतात गुंडाळायच्या आणि शनिवारच्या बाजारात फळांचा रस विकणाऱ्या बायकांना नेऊन द्यायच्या. त्या बायका म्हणत, कारखान्याचा बर्फ नुसताच गार असतो, ताइताच्या बर्फाला चव आहे. ते ऐकलं की मला बरं वाटायचं. स्तुती कोणाला नको असते?

कामाला लागण्याआधी आसेन्स्यो दोन गोष्टी करायचा. बर्फावर उसाच्या दारूचा घोट ओतायचा, कारण पहिला घोट ताइताचा. आणि मग बर्फ ऐकायचा. माझी चोच बर्फात रुतवायची, दांड्याचं टोक दातांत घट्ट धरायचं, आणि हातातल्या काळ्या दगडाने शेजारच्या बर्फावर तीन ठोके मारायचे. बर्फ आतून भरीव असेल तर आवाज तोकडा आणि कोरडा येतो. आत पोकळी असेल तर तो रेंगाळत येतो, आणि दाढा शिवशिवतात. दाढा शिवशिवल्या की आसेन्स्यो काही न बोलता गाढवं वळवायचा, मग दिवस फुकट गेला तरी चालेल.

लासारोला हे सगळं वेडेपणाचं वाटे. "दादा, माझे दात मक्याची कणसं खायला आहेत," तो म्हणायचा. "तू चाव कुऱ्हाड. आज दुपारी जेवायला तीच वाढतो तुला."

एका शुक्रवारी आसेन्स्यो गाढवाच्या पायात रुतलेला काटा काढत खाली बसला होता. लासारो दुसरी कुऱ्हाड घेऊन एकटाच भिंतीपाशी गेला आणि न ऐकता त्याने पहिला घाव घातला. दोन पुरुष उंचीची भिंत त्याच्यावर आली. आवाजसुद्धा फार मोठा झाला नाही. आसेन्स्यो मला घेऊन धावला आणि चार तास त्या ढिगाऱ्यावर घाव घालत राहिला. रडत होता, शिव्या देत होता, ताइताला, भावाला, मला. अशा घाव घालण्यात हात कुठे आहे याचं भान राहत नाही. मी त्याच्या डाव्या हाताची करंगळी उडवली. त्याने त्यावर गवत आवळून बांधलं आणि पुन्हा मला उचललं.

लासारो सापडला तेव्हा त्याची छाती सपाट झाली होती. त्या दिवशी गाढवावर बर्फाच्या जागी तो खाली आला, त्याच गवतात गुंडाळलेला. मी मागे आसेन्स्योच्या खांद्यावर होते. माझ्यापायी एका भावाची करंगळी गेली आणि दुसरा भाऊ मला वाचवता आला नाही, याची मला आजही लाज वाटते.

पुढे कारखान्याचा बर्फ इतका स्वस्त झाला की रसवाल्या बायकांनी चवीचं नाव काढणं सोडलं. आसेन्स्योने गाढवं विकली. माझे वाईट दिवस आले. मी दाराला टेकण म्हणून पडून राहिले. माझ्यावर कोंबड्या बसल्या. वर्षातून एकदा, नाताळच्या आदल्या दिवशी, डुकराच्या कपाळात हाणायला माझी आठवण व्हायची. एका फटक्यात ते आडवं व्हायचं, आणि सगळे म्हणायचे, अजून दम आहे हिच्यात. ज्या लोखंडाने डोंगर फोडला त्याची ही किंमत झाली होती.

मला तिथून उचललं ते आसेन्स्योच्या मुलीने. तिचं नाव निकोलासा. ती दहा वर्षांची असताना बापाने तिला गोठलेल्या ओढ्यावर बर्फ ऐकायला शिकवलं होतं. तिच्या दुधाच्या दातांनंतर आलेल्या नव्या दातांची पहिली खूण माझ्यावर आहे. मोठी झाल्यावर ती निवाऱ्यावर पर्यटकांची ओझी वाहू लागली. खांद्यावर तीस किलो, दिवसातून दोनदा. तिला गाईड व्हायचं होतं. गाईडला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी जुन्या गाईडच्या देखरेखीखाली तीन चढाया कराव्या लागतात. दोन झाल्या होत्या. तिसरीवर त्याची सही मिळाली तर ती गाईड, नाही तर म्हातारपणापर्यंत हमाल. सगळं त्या एका सहीवर अडलं होतं.

सही करणारा होता रोमुलो बारागान. वाईट माणूस नव्हता तो. बावीस वर्षं त्याने लोकांना वर नेऊन जिवंत खाली आणलं होतं आणि हे तो कोणाला विसरू देत नसे. एका दगडाने त्याचा पुढचा दात पाडला होता, त्या फटीतून तो शीळ घालायचा. मला पाहून त्याने तशीच शीळ घातली.

"निकोलासा, ही कुऱ्हाड आहे की तुझी आजी?"

"ताइताची आहे. गाईडांच्या मंडळाची हलकी कुऱ्हाड मला हातात असल्यासारखी वाटत नाही."

"मग पाठीला बांध आणि हातात दुसरी घे. बरं, राहू दे. घे तीच. दमलीस की तिच्यावरच रागाव."

मध्यरात्री निघायचा आमच्याकडे रिवाज आहे, कारण ऊन चढलं की डोंगर बदलतो. पुढच्या दोरावर बारागान आणि क्वितोहून आलेले दोन भाऊ. मागच्या दोरावर निकोलासा आणि तिचे पाहुणे प्लुआससाहेब, ग्वायाकिलचे नोटरी, वय अठ्ठावन्न, वजन भरपूर. समुद्राकाठच्या माणसाला आमची डोंगरी माणसं माकड म्हणतात आणि तो आम्हाला चिखलातले बटाटे म्हणतो. प्लुआससाहेबांनी निवाऱ्यापासूनच सुरुवात केली होती.

हिमनदीच्या काठाशी निकोलासाने घोट ओतला, चोच रुतवली, दांड्याचं टोक दातांत धरलं आणि खिशातला काळा दगड काढला. क्वितोचे दोघे भाऊ हसले. एकाने फोटो काढला, त्याच्या दिव्याचा झोत नेमका तिच्या तोंडावर पडला.

"डोंगरातली माणसं कणखर असतात हे ऐकून होतो," प्लुआससाहेब म्हणाले. "लोखंड खातात हे माहीत नव्हतं."

बारागान हसला नाही. तो जवळ आला आणि हळू आवाजात बोलला. "हे पाहुण्यांसमोर करू नकोस. त्यांना वाटतं आपण रानटी आहोत. उद्या मंडळात मी तुझं नाव कोणत्या तोंडाने घेऊ?"

निकोलासाने दांडा तोंडातून काढला आणि बाहीने पुसला. त्या पुसण्याचा मला राग आला. तिच्या बापाने मला कधी पुसलं नव्हतं. तिथून वर शिखरापर्यंत तिने एकदाही मला दात लावला नाही.

शिखराच्या खाली एक मोठी भेग आहे आणि तिच्यावर बर्फाचा पूल. अंधारात आम्ही तो ओलांडला तेव्हा तो फरशीसारखा कडक होता. सात वाजले की शिखर मिळो न मिळो, मागे फिरायचं, हा बारागानचा स्वतःचा नियम. त्या दिवशी सात वाजता शिखर डोळ्यांसमोर होतं आणि प्लुआससाहेब दर दहा पावलांना थांबून धापा टाकत होते. बारागानने घड्याळ पाहिलं, शिखर पाहिलं आणि घड्याळ बाहीखाली ढकललं. शिखरावर पोहोचायला साडेआठ झाले. सगळ्यांनी मिठ्या मारल्या. प्लुआससाहेब रडले. मला बर्फात रोवून माझ्यासोबतही त्यांनी फोटो काढला.

पुलाशी परत आलो तेव्हा पावणेदहा झाले होते आणि ऊन पाठीवर भाजत होतं. उतरताना पाहुणा पुढे आणि गाईड मागे असतो, म्हणजे पाहुणा घसरला तर वरून धरता येतो. बारागानचा दोर आधी पलीकडे गेला. तिथून त्याने हाक मारली. "चला लवकर. खालच्या घळीत दगड सुटायची वेळ झाली."

निकोलासाने काळा दगड हातात घेतला. दांडा तोंडाजवळ नेला. प्लुआससाहेबांनी मागे वळून पाहिलं.

"काय बाई, पुन्हा न्याहारी?"

पलीकडचे दोघे हसले. निकोलासाने दगड खिशात टाकला.

"चला," ती म्हणाली.

मित्रांनो, मी लोखंड आहे. माझी चोच त्या बर्फाला टेकलेली होती. आतली पोकळी मला कळत होती, आणि मला तोंड नव्हतं.

प्लुआससाहेब पाचव्या पावलाला गेले. पूल त्यांच्यासकट आत कोसळला आणि दोराने निकोलासाला पोटावर आपटून उतारावरून ओढलं. तिने सगळं अंग माझ्यावर टाकलं. मी बर्फात घुसले, पण वरचा बर्फ उन्हाने भाताच्या पेजेसारखा झाला होता, त्यात धरायला काही नव्हतं. मी फाडत चालले. एका हिसक्यात तिचा उजवा खांदा निखळला, ते मला दांड्यातून कळलं. मी तिच्या हातात फिरले आणि माझ्या पात्याने तिचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. मग माझ्या चोचीला खालचा जुना, निळा बर्फ लागला. तिथे मी चावा घेतला तो सोडला नाही. आम्ही भेगेच्या काठापासून हातभर अंतरावर थांबलो.

ती तशीच पडून राहिली. रक्त माझ्यावरून वाहत होतं आणि वाहता वाहता गोठत होतं. दोघांच्या दोरात मध्ये गाठी मारतात, त्यातली एक गाठ काठाच्या बर्फात अडकली आणि तिच्या कमरेवरचा ताण थोडा कमी झाला. तेव्हा तिने डाव्या हाताने मला उपसलं, गुडघाभर चर खणला, मला त्यात आडवं पुरलं आणि दोर माझ्या कमरेला बांधला. एक हात लोंबकळत असताना या कामाला तिला किती वेळ लागला असेल याचा विचार करा. मातीत पुरलं की माणसाचं काम संपतं. माझं तिथून सुरू झालं. नव्वद किलोचा माणूस माझ्यावर टांगलेला होता.

खालून प्लुआससाहेब ओरडत होते. घोटा मोडला होता. देवाला, डोंगराला आणि डोंगरातल्या तमाम माणसांना शिव्या येत होत्या. ओरडत होते तोवर ठीक होतं.

इथे मी बारागानबद्दल खरं तेच सांगेन. तो पलीकडच्या काठापर्यंत पोटावर सरपटत आला आणि त्याने दुसरा दोर खाली सोडला. "साहेब, हा कमरेला अडकवा. आधी श्वास घ्या, शिव्या वर आल्यावर द्या." दीड तास तो आणि ते दोघे भाऊ ओढत होते. काठाचा बर्फ दोराखाली चिरत होता, ढेकळं प्लुआससाहेबांच्या डोक्यावर पडत होती. शेवटी ते खालच्या काठावर आले आणि ओकले.

निकोलासा मात्र वरच्या काठावर एकटी राहिली. तिने मला उकरून काढलं. दोर साहेबांसोबत पलीकडे गेलेला, खांदा नाही, डोळ्यात रक्त. भेगेच्या कडेकडेने ती चालू लागली, आणि दर ठिकाणी गुडघ्यावर बसून तिने चोच रुतवली, दांडा चावला, डाव्या हाताने तीन ठोके मारले. पहिल्या जागी दाढा शिवशिवल्या. दुसऱ्या जागीही. तिच्या फाटक्या गालातून रक्त दांड्यावर उतरत होतं आणि तिला कोणाची लाज वाटत नव्हती. तिसऱ्या जागी आवाज तोकडा आला. ती त्या पुलावरून चालत पलीकडे आली. बारागान हे सगळं पाहत होता. शीळ काही ऐकू आली नाही.

घळीत व्हायचं तेच झालं. उन्हाने सुटलेले दगड वरून उड्या घेत येत होते. एक दगड क्वितोच्या थोरल्या भावाच्या पाठपिशवीतून आरपार गेला, त्याच्या पाठीपासून दोन बोटांवरून. पण सगळे जिवंत उतरले.

गावात सगळे म्हणाले, निकोलासाने माणूस वाचवला. शेजारणी उकडलेले बटाटे आणि कोंबडी घेऊन आल्या. आसेन्स्यो चुलीपाशी बसला होता. त्याने मला मांडीवर घेतलं, चोच पाहिली, पातं पाहिलं, मुलीच्या गालावरचे टाके पाहिले. बायका गेल्यावर त्याने एकच विचारलं.

"ऐकलं होतंस?"

निकोलासाने खिशातला काळा दगड काढून त्याच्यापुढे ठेवला.

"लासारोनेही नव्हतं ऐकलं," तो म्हणाला, आणि मला भिंतीशी उभं करून बाहेर निघून गेला.

पंधरा दिवसांनी मंडळाची चौकशी बसली. मला टेबलावर ठेवलं होतं, खुन्याला ठेवावं तसं. मंडळाने कागद तयारच आणला होता. त्यात लिहिलं होतं की लोहाराकडून करून घेतलेलं, खाच पडलेलं, जुनं हत्यार ऐनवेळी निसटलं, त्यामुळे पडणं वेळेत थांबलं नाही. उमेदवाराने धाडस दाखवलं, परवाना द्यावा. पुलावरून नेताना काय झालं आणि शिखरावर किती वाजले, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"सही कर," बारागान तिला म्हणाला. "तुझं भलं, माझं भलं. कुऱ्हाडीला काय वाटणार आहे?"

मला वाटत होतं. मी निसटले? नव्वद किलो मी दीड तास पोटावर पेलले होते. त्या क्षणी मला कोणी उचललं असतं तर मी काय केलं असतं ते सांगत नाही.

निकोलासाने पेन घेतलं, कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"कुऱ्हाड निसटली नाही. मी पूल ऐकला नाही. ऐकता येतं मला. दगड हातात होता. हे लोक हसतील म्हणून मी तो खिशात टाकला."

प्लुआससाहेब कुबड्या घेऊन आले होते. ते उभे राहिले.

"म्हणजे मी हसलो म्हणून?"

"तुम्ही हसलात, लाजले मी. आणि पडलात तुम्ही."

त्यांनी कुबडी उगारली. ती तिच्यासाठी होती, पण तोल गेला आणि फटका माझ्यावर बसला. मी टेबलावरून खाली फरशीवर पडले. कोणी मला उचललं नाही. प्लुआससाहेब खुर्चीत कोसळून बराच वेळ धापा टाकत राहिले.

"लिहा," ते शेवटी म्हणाले. "ती सांगते तसं लिहा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या घेतोय मी. माझ्या पायाच्या नावावर खोटा कागद नको. आणि हिला परवानाही देऊ नका."

परवाना मिळाला नाही. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करावा, असं ठरलं. मला एक चिठ्ठी बांधली, 'सदोष', आणि कपाटात टाकलं. दोन वर्षं मी हरवलेल्या हातमोज्यांच्या आणि एकेकट्या बुटांच्या सोबतीत काढली. निकोलासा पुन्हा ओझी वाहू लागली. उजव्या खांद्यावर आता तिला पट्टा सहन होत नव्हता, म्हणून ती कपाळाला पट्टा लावून वाहायची. हे मला नंतर कळलं.

दोन वर्षांनी मंडळाने मला परत दिलं तेव्हा आसेन्स्योने चिठ्ठी सोडवली आणि चुलीत टाकली. वर जव भाजत होते. डुकराची चरबी घेऊन त्याने माझा सुकलेला दांडा चोळला, फक्त टोक सोडलं. टोकाला तो काही लावत नसे, दात घसरतात म्हणून.

पुन्हा तीच चढाई, पुन्हा देखरेखीला बारागान, कारण त्या आठवड्यात दुसरं कोणी मोकळं नव्हतं. पाहुणे चार, सगळे क्वितोच्या एका कचेरीतले, सहा महिने तयारी करून आलेले. हिमनदीच्या काठाशी निकोलासाने चौघांसमोर घोट ओतला आणि दांडा चावला. कोणीतरी हसलं. तिने दुसऱ्यांदा चावून नीट ऐकलं.

पहाट फुटता फुटता आम्ही त्या भेगेपाशी आलो. शिखर तिथून दीड तासावर. पूल नवा होता, रुंद, पांढरा, आणि त्यावर आदल्या दिवशी गेलेल्या लोकांच्या पावलांच्या ठळक खुणा होत्या. निकोलासा गुडघ्यावर बसली. चोच, दात, तीन ठोके. मग जागा बदलून पुन्हा तीन. भेगेच्या कडेने चाळीस पावलं डावीकडे जाऊन आली, चाळीस उजवीकडे.

"नाही," ती म्हणाली. "इथून जायचं नाही. दुसरी जागाही नाही."

"काल इथून लोक गेलेत," पाहुण्यांपैकी एक म्हणाला. "दिसत नाही का तुला? ही पावलं गाढवांची आहेत का?"

बारागानने पावलांकडे पाहिलं, शिखराकडे पाहिलं. "निकोलासा, खात्री आहे तुझी? तुझा परवाना आहे आज."

"खात्री नाही. दाढा शिवशिवतायत."

तिने मला त्याच्यापुढे धरलं. दांड्याचं टोक त्याच्या दिशेला, ओलं. चौघेजण पाहत होते. बारागानने तोंडावरची पट्टी खाली ओढली, गुडघ्यावर बसला आणि न पुसता दांडा दातांत धरला. निकोलासाने ठोके मारले. तिसऱ्या ठोक्याला त्याने डोळे मिटले. जबडा इतका आवळला होता की मला वाटलं लाकूड चिरतंय.

तो उठला. "परत फिरा सगळे," तो म्हणाला. "आणि निकोलासा, त्या वेळेला मी सातला फिरायला हवं होतं."

ज्याने सहा महिने तयारी केली होती त्याने बारागानची कॉलर धरली आणि तोंडावर ठोसा मारला. बारागानचा ओठ फुटला. त्याने उलटा हात उचलला नाही. त्याने मला घेतलं आणि त्या माणसाच्या आणि पुलाच्या मध्ये दांड्यापर्यंत बर्फात ठोकलं. "हिच्या पलीकडे जायचं असेल तर आधी मला भेगेत टाक," तो म्हणाला. कोणी गेलं नाही.

मित्रांनो, तो पूल त्या दिवशी पडला नाही. दुसऱ्या दिवशीही पडला नाही. मग हिमवादळ आलं आणि नंतर तिथे काय होतं हेच कळेना. कदाचित त्याने सहा जणांना पेललं असतं. कदाचित ते चौघे म्हणतात तसं आम्ही त्यांचं शिखर बुडवलं. ते कधीच कोणाला कळणार नाही. मला एवढं माहीत आहे की त्या दुपारी सहाच्या सहा माणसं निवाऱ्यात बटाट्याचं गरम सूप पीत बसली होती आणि त्यातली चार आम्हाला शिव्या देत होती. सुपाच्या ताटल्यांमध्ये जागा करून बारागानने निकोलासाच्या कागदावर सही केली. त्याच्या ओठातलं रक्त कागदावर पडलं, ते तिने पुसलं नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, तेल लावा, गंजू देऊ नका. मला तसं काही नको. मी गंजले तरी चावा घेऊ शकते. फक्त चारचौघांत हसं होईल म्हणून हातातला दगड खिशात टाकू नका.

हल्ली निकोलासा हिमनदीच्या काठाशी प्रत्येक पाहुण्याला मला हातात देते आणि एकदा तरी चावायला लावते. बहुतेक जण आधी दांडा पुसतात, ते चालतं, पुढच्या खेपेला पुसत नाहीत. टोकावर आसेन्स्योच्या खोल खुणा आहेत, त्यांच्यात मिसळलेल्या निकोलासाच्या, आणि बाजूला एक नवी, समोरच्या एका दाताची जागा मोकळी असलेली. तिच्या पलीकडे अजून लाकूड शिल्लक आहे.